कुत्रा माती, मोजे, दगड खातो तेव्हा : कॅल्शियमची बाटली घेण्यापूर्वी वाचावे

"कुत्रा माती खातो, कॅल्शियम द्या" ही मागणी आमच्या दुकानात इतक्या वेळा येते की, तिचे उत्तर एकदाच नीट लिहून ग्राहकांच्या हाती द्यावे, असे आम्ही ठरवले. कॅल्शियमची बाटली आम्ही विकतो आणि तिच्यावर आम्हाला नफाही मिळतो. तरीही माती, भिंतीचा पोपडा, मोजे किंवा दगड खाणाऱ्या कुत्र्यासाठी ती बाटली हा उपाय क्वचितच असतो, आणि खरे कारण शोधायला उशीर झाला तर नुकसान मात्र होते.

प्रथम चावणे आणि गिळणे यांत फरक करावा. पिल्लाचे 28 दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत त्या जागी 42 कायमचे दात येतात. या काळात खुर्चीचा पाय किंवा चप्पल कुरतडणे स्वाभाविक आहे, कारण हिरड्या शिवशिवतात आणि वस्तू पारखायला पिल्लू नाकाबरोबर तोंडाचाही वापर करते. अधूनमधून गवत खाणे, किंवा नुकत्याच व्यालेल्या कुत्रीने पिल्लांची विष्ठा चाटून जागा स्वच्छ ठेवणे, हेही आजाराचे लक्षण नाही. दुधाची रिकामी पिशवी किंवा तेलकट कागद पळवणारा कुत्रा तर त्या वासालाच भुललेला असतो. परंतु ज्यात अन्नाचा अंशही नाही अशी वस्तू कुत्रा वारंवार आणि मुद्दाम गिळत असेल, तर त्याला पशुवैद्यक 'पायका' म्हणतात. मॅगपाय या युरोपीय पक्ष्याच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला. तो पक्षी दिसेल ते चोचीत धरतो अशी त्याची ख्याती आहे.

पायकाच्या कारणांपैकी आपल्याकडे सर्वांत आधी तपासावे असे कारण म्हणजे रक्तक्षय. गरोदरपणी माती किंवा खडू खावासा वाटणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन डॉक्टर तपासतात, तसेच येथेही करावे लागते. अंकुशकृमी कुत्र्याच्या आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापात, म्हणजे बबेसिया व एर्लिकिया यांच्या संसर्गात, रक्तातील पेशी कमी होतात. त्यात कुत्रा केवळ दूध-पोळीवर वाढलेला असेल तर भरपाई होणे आणखी कठीण जाते, कारण दुधात लोह अगदी थोडे असते. घरच्या घरी पाहायचे झाल्यास ओठ वर उचलून हिरड्या पाहाव्यात : त्या गुलाबी असायला हव्यात, आणि हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी. रंग फिकट पांढरट दिसला, कुत्रा लवकर दमू लागला किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जाऊन रक्ताची तपासणी करून घ्यावी. जंताचे औषध शेवटचे कधी दिले हे आठवत नसेल, तर विष्ठेची तपासणीही सोबतच करावी.

दुसरे कारण पचनाचे. स्वादुपिंडातून पाचकरस पुरेसा स्रवत नसेल तर कुत्रा भरपूर खाऊनही वाळत जातो, त्याची विष्ठा फिकट, चिकट आणि पुष्कळ होते, आणि तो स्वतःची विष्ठाही खाऊ लागतो. जर्मन शेफर्ड जातीत हा विकार विशेष आढळतो. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा आकडीवरील फेनोबार्बिटॉन सुरू असतानाही भूक अनावर होते. लॅब्राडोरची गोष्ट थोडी वेगळी आहे : या जातीतील सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच नसतो, असे केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले. त्यामुळे आपला लॅब्राडोर जेवण झाल्यावरही कचऱ्याचा डबा हुंगत असेल, तर त्यात आपल्या शिस्तीचा दोष असेलच असे नाही.

तपासण्या निर्दोष आल्या की सवयीचा विचार करावा. फ्लॅटमध्ये दहा तास एकटा राहणारा कुत्रा मोजा तोंडात धरतो, आपण ओरडत त्याच्यामागे धावतो, आणि दिवसातला सर्वांत रंगतदार खेळ हाच, हे तो शिकतो. वस्तू हिसकावली जाणार हे एकदा कळले की ती आधीच गिळून टाकणे त्याला सोयीचे वाटते. म्हणून मागे न धावता चिकनच्या तुकड्यासारखे काही अधिक चांगले पुढे करावे आणि "सोड" हा शब्द शांतपणे शिकवावा. सकाळ-संध्याकाळ हुंगत रमतगमत फिरवणे आणि जेवण वाटीत न देता शोधून खायला लावणे यांचाही उपयोग होतो. दगड गिळण्याची सवय सुटेपर्यंत बाहेर नेताना जाळीची मुसकी वापरावी.

कॅल्शियमविषयी एवढेच सांगायचे आहे की, केवळ भात आणि हाडाविना मांस यांवर वाढणाऱ्या पिल्लाला त्याची खरोखर कमतरता भासते. मात्र मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी. वयानुसार तयार खाद्य खाणाऱ्या ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिल्यास हाडांची वाढ बिघडू शकते.

आता धोक्याविषयी. उन्हाळ्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन उरलेला कणसाचा दांडा, या दोन वस्तू कुत्र्याच्या आतड्यात हमखास अडकतात, कारण त्या पचत नाहीत आणि गिळताना मात्र सहज उतरतात. दोरा किंवा मांजा याहून वाईट : एक टोक अडकले की पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडतात तशी आतडी गोळा होते आणि दोरा तिला कापत जातो. म्हणून तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तरी तो कधीही ओढू नये. वारंवार उलटी, अन्न नाकारणे, पोटाला हात लावू न देणे, पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंच ठेवणे, शौचास न होणे, ही अडथळ्याची लक्षणे आहेत. कापड आणि प्लास्टिक साध्या एक्स-रेमध्ये बहुधा स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितल्यास ती टाळू नये.

उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो. बटण-सेल, टोकदार वस्तू किंवा फिनाइलसारखे दाहक द्रव्य पोटात गेले असल्यास उलटी करवणे अधिकच घातक ठरते. वस्तू गिळून तास-दोन तासच झाले असतील तर दवाखान्यात सुरक्षितपणे उलटी करवता येते किंवा दुर्बिणीने वस्तू काढता येते. पुढे बहुधा शस्त्रक्रियाच उरते. जाताना उरलेला तुकडा, दुसरा मोजा किंवा औषधाचे पाकीट सोबत न्यावे आणि वस्तू किती वाजता गिळली हे सांगावे.

माती खाण्याच्या तक्रारीवरून आपण आमच्याकडून कॅल्शियमची बाटली नेली असेल आणि तिचे सील अजून शाबूत असेल, तर पावती दाखवून ती परत करावी. पूर्ण रक्कम दिली जाईल.