इस्पितळाच्या भिंतीबाहेर: गोव्यातल्या मानसिक आरोग्याची पार्श्वभूमी

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रींनी १८१३मध्ये पॅरिसात संमोहनाचे जाहीर प्रयोग सुरू केले. त्या काळी मेस्मरपंथी, म्हणजे मेस्मर या वैद्याला मानणारी मंडळी अदृश्य चुंबकीय द्रवाच्या गोष्टी सांगत. फारियांनी तो द्रव नाकारला. संमोहनाची झोप लागते ती त्या माणसाच्याच एकाग्रतेने, असे ते म्हणत. मनाच्या व्यापाराचे कारण मनातच शोधणारा हा माणूस आपल्या मातीतला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या मनोरुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. आज ते बांबोळीला संस्था म्हणून चालते.

‘मानसिक आरोग्य’ हा शब्द मात्र बराच अलीकडचा. मनोरुग्णालयातले हाल सोसून बाहेर आलेल्या क्लिफर्ड बिअर्स यांनी १९०८मध्ये अमेरिकेत आपली कहाणी छापली. त्यातून उभी राहिलेली चळवळ आधी ‘मेंटल हायजिन’, म्हणजे मनाची स्वच्छता, म्हणवत असे. १९४८मध्ये जागतिक आरोग्य संघटना आली आणि तिच्या घटनेने शरीर, मन व सामाजिक स्वास्थ्य एकाच व्याख्येत बसवले. भारतीय कायद्याने ‘वेडा’ हा शिक्का पुसायला १९८७ उजाडले. तो नवा कायदा १९९३मध्ये अमलात येईपर्यंत १९१२चा ल्युनसी ॲक्ट, म्हणजे वेडेपणाचा कायदा, लागू होता. २०१७च्या कायद्याने उपचार हा हक्कच ठरवला.

आपल्याकडे घरात कुणी गप्प गप्प राहू लागले, की आधी देवळात कौल, मग घाड्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे फेरी, इस्पितळ शेवटी. शिवाय माणूस ‘मी उदास आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो सांगतो अंगदुखी, झोप नाही, ‘टेन्शन’. १९९६मध्ये गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने हे ओळखले. तिच्या ‘मानस’ प्रयोगात १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने होते. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रुग्णांशी बोलायचे, गरज पडल्यास डॉक्टरांनी औषध द्यायचे. २०१०मध्ये निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, खाजगीत तसा फरक दिसला नाही. तीव्र नैराश्यावरही अशा समुपदेशकांच्या थोड्या बैठकींनी गुण येतो, हे २०१७मध्ये गोव्यातूनच पुढे आले.

ज्या गोव्याने हे जगाला दाखवले, तिथल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असा समुपदेशक कायम असायलाच हवा. फोनवर बोलायचे असेल तर २०२२पासून सरकारची १४४१६ ही मोफत सेवा आहे.