स्वमग्न मुलांसाठी काम करायचे आहे? बडोद्यातील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम, पात्रता आणि कागदपत्रांची माहिती

स्वमग्न म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलांसाठी काम करू इच्छिणारे अनेक विद्यार्थी बारावीनंतर मानसशास्त्राची पदवी निवडतात आणि ती हाती आल्यावर त्यांना कळते की केवळ तिच्या आधारे थेरपिस्ट होता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, 1992 नुसार विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद असणे आवश्यक आहे, ती नोंद परिषदमान्य अभ्यासक्रमावरच मिळते, आणि नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून आधी कोणती नोंदणी हवी ते ठरवावे आणि मग विषय निवडावा.

वाचा-श्रवण (बीएएसएलपी) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे जमावीत यासाठीचे उपचार) या पदव्यांसाठी गुजरातमध्ये बारावी विज्ञान, बी ग्रुप (म्हणजे जीवशास्त्रासह) लागतो. हे प्रवेश गांधीनगरच्या राज्य समितीमार्फत होतात. त्यामुळे अकरावीत कला किंवा वाणिज्य घेतलेल्या मुलामुलींना ही दारे बंद असतात, आणि हे त्यांना कोणी वेळेवर सांगत नाही, याचे फार वाईट वाटते. अशांसाठी विशेष शिक्षणाचा मार्ग खुला आहे: बारावीला 50 टक्के गुण असल्यास दोन वर्षांची डी.एड. विशेष शिक्षण पदविका, ज्यात ऑटिझम ‘बौद्धिक व विकासात्मक दिव्यांगता’ या शाखेत येतो, किंवा 50 टक्क्यांनी पदवी घेऊन बी.एड. विशेष शिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा असे ठरवून दिले आहे, तेव्हा हा मार्ग दुय्यम समजू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे असेल, तर मानसशास्त्रातील एम.ए.सुद्धा पुरेसे नसून परिषदमान्य क्लिनिकल प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा मानव विकास व कुटुंब अभ्यास विभाग, ज्याची चेतन बालवाडी शहरात परिचित आहे, बालविकासाचा उत्तम पाया देतो. पण तेथील पदवी ही पुनर्वास परिषदेची नोंदणी नव्हे.

सर्वांत जास्त फसगत संस्थेच्या मान्यतेबाबत होते. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट नसते; ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी असते. माहितीपत्रकावर ‘मान्यताप्राप्त’ एवढेच छापलेले असेल, तर परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत आपला अभ्यासक्रम आणि आपले वर्ष शोधल्याशिवाय शुल्क भरू नये. काही आठवड्यांच्या ऑनलाइन ‘ऑटिझम थेरपी’ प्रमाणपत्रांवर नोंदणी होत नाही, मग शुल्क कितीही असो.

सयाजीराव विद्यापीठासह राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांच्या पदवीसाठी जीकॅस या राज्याच्या सामायिक प्रवेश पोर्टलवर एकच अर्ज भरावा लागतो. अर्ज भरणे सोपे आहे. अडचण पुढे येते. प्रवेशाचा प्रस्ताव आल्याचा संदेश म्हणजे प्रवेश नव्हे. दिलेल्या मुदतीत महाविद्यालयात मूळ कागदपत्रे घेऊन निश्चिती केली नाही, तर जागा जाते. पुष्कळ पालक अर्जाची शेवटची तारीख जपतात आणि निश्चितीच्या तारखेकडे दुर्लक्ष करतात. विशेष शिक्षणाच्या पदविकांचे प्रवेश मात्र या पोर्टलवर नसतात. त्यासाठी परिषदेच्या सूचना स्वतंत्रपणे पाहाव्यात.

कागदपत्रांत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार कार्ड सहज मिळतात, परंतु या तिन्हींवर नाव एकसारखे नसते. गुजरात बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर शेवटी, आणि इंग्रजीत कुठे ‘वी’ तर कुठे ‘डब्ल्यू’. ही दुरुस्ती निकालानंतर नव्हे, मार्चमध्येच करून घ्यावी.

मराठी कुटुंबांचा सर्वांत मोठा अडथळा आरक्षणाच्या दाखल्याचा आहे. कुटुंब महाराष्ट्रातून स्थलांतरित झालेले असेल, तर तिकडच्या अनुसूचित जाती-जमातीच्या प्रमाणपत्रावर गुजरातमध्ये आरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 सालीच स्पष्ट केले असूनही खिडकीवर ते शेवटच्या दिवशी सांगितले जाते, हे अक्षम्य आहे. इतर मागास प्रवर्गातील उमेदवारांना राज्याच्या गुजराती नमुन्यातील नॉन-क्रीमीलेयर दाखला लागतो. केंद्राच्या नमुन्यातील इंग्रजी दाखला नाकारला जातो. दाखल्याची मुदत आर्थिक वर्षानुसार मोजली जाते, म्हणून मोठ्या भावंडाच्या वेळच्या अनुभवावर विसंबू नये.

अभ्यासक्रम पूर्ण झाला म्हणजे नोंदणी आपोआप होत नाही. अंतिम गुणपत्रिका, इंटर्नशिप असल्यास तिचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्रे जोडून परिषदेकडे वेगळा ऑनलाइन अर्ज करावा लागतो, आणि नोंदणीचे पुढे वेळोवेळी नूतनीकरणही करावे लागते, ज्यासाठी परिषदमान्य प्रशिक्षणांच्या उपस्थितीची प्रमाणपत्रे पहिल्या वर्षापासून सांभाळून ठेवावी लागतात.