फ्रँक राजांच्या घरातली वाटणी

इ.स. 511मध्ये फ्रँक या जर्मानिक लोकांचा राजा क्लोव्हिस पॅरिसमध्ये वारला. आजच्या फ्रान्सचा मोठा भाग त्याने एका सत्तेखाली आणला होता. त्याच्यामागे हे राज्य चार मुलांत वाटलं गेलं. याचं कारण बहुतेकदा एका ओळीत उरकलं जातं: बापाची मालमत्ता मुलांत वाटायची ही फ्रँकांची जुनी रीत, राजघराण्यानेही तीच पाळली. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

मुळात ही वाटणी सारखी नव्हती. थोरला थ्युडेरिक हा दुसऱ्या स्त्रीपासून झालेला, वयात आलेला आणि वडिलांसाठी लढाया मारलेला. त्याचा वाटा सर्वांत मोठा होता. क्लोडोमेर, चिल्डेबर्ट आणि क्लोथार ही राणी क्लोटिल्डाची मुलं वयाने लहान होती. गादी एकालाच मिळती, तर ती थ्युडेरिकला गेली असती. म्हणून काही इतिहासकारांना या वाटणीत क्लोटिल्डाचा हात दिसतो: रूढीपेक्षा ती त्या घडीची राजकीय तडजोड असावी. मला हेच पटतं. चौघांनी आपली ठाणी रीम्स, ऑर्लेआं, पॅरिस आणि स्वासों इथे मांडली. ही चारही शहरं उत्तरेत, एकमेकांपासून फार लांब नाहीत. दक्षिणेतल्या अ‍ॅक्विटेनचे तुकडे मात्र वेगळे पाडून वाटले. त्यामुळे एकाच राजाचा मुलूख दूरदूर विखुरलेला असे.

फ्रँकांच्या लेखी सॅलिक कायद्यात जमीन स्त्रियांकडे जाऊ नये असं कलम आहे, पण राजगादीबद्दल तो कायदा गप्प आहे. त्याचा आधार फ्रेंच गादीच्या वादात घेतला गेला तो कित्येक शतकांनंतर.

मग राजा व्हायला लागायचं काय? एक, बाप राजा असणं. आई कोण, याला फारसं महत्त्व नव्हतं. क्लोथारचा मुलगा राजा गुंट्राम याच्या राणीचं कूळ हलकं, तेव्हा तिची मुलं गादीवर बसू शकत नाहीत, असं एक बिशप म्हणाला होता. फ्रँकांचा इतिहास लिहिणारा, तूरचा बिशप ग्रेगरी ही हकिकत देऊन त्याला खोडून काढतो: आईचं घराणं न पाहता, राजापासून झालेली ती सगळी राजाचीच मुलं. दुसरी खूण म्हणजे लांब केस. मेरोव्हिंजियन, म्हणजे क्लोव्हिसच्या घराण्यातले, राजे केस कापत नसत. ज्याचे केस कापले, त्याचा हक्क निदान केस वाढेपर्यंत तरी गेला.

हे केसांचं प्रकरण 524नंतर भीषण थराला गेलं. क्लोडोमेर त्या वर्षी बर्गंडियनांशी लढताना पडला. त्याची तीन लहान मुलं आजी क्लोटिल्डाकडे वाढत होती. काकांना त्यांचा हिस्सा हवा होता. ग्रेगरी सांगतो, की चिल्डेबर्ट आणि क्लोथार यांनी तिच्याकडे कात्री आणि नागवी तलवार पाठवली: नातवांचे केस कापायचे की त्यांना मारायचं? ती दुःखाने बोलून गेली, की राज्य मिळणार नसेल तर केस कापलेले पाहण्यापेक्षा मेलेले बरे. क्लोथारने दोघांना स्वतःच्या हाताने मारलं. तिसरा, क्लोडोआल्ड, निसटला, त्याने आपले केस स्वतःच कापले आणि तो धर्मसेवेत गेला. पॅरिसलगतच्या सँ-क्लू या गावाला त्याचंच नाव आहे. ग्रेगरीचा जन्म या घटनेनंतरचा, तेव्हा संवादाचा शब्दन् शब्द खरा धरायचं कारण नाही. पण पुतण्याचा हक्क काकासमोर किती लेचापेचा होता, हे यातून स्पष्ट दिसतं.

बाकीच्यांचे वंश खुंटल्यावर 558मध्ये क्लोथार एकटा राजा उरला, आणि 561मध्ये तो गेल्यावर पुन्हा चार मुलं, पुन्हा चार वाटे. थोरला चॅरिबर्ट 567मध्ये वारला, तेव्हा उरलेल्या तिघांनी, गुंट्राम, सिगिबर्ट आणि चिल्पेरिक यांनी, पॅरिस कुणा एकाला न देता सामाईक ठेवलं. बाकीच्यांच्या संमतीशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, असा करार झाला. पुढे सिगिबर्टचा 575मध्ये आणि चिल्पेरिकचा 584मध्ये खून झाला. स्वतःचे मुलगे गमावलेल्या गुंट्रामने मात्र सिगिबर्टच्या मुलाला, दुसऱ्या चिल्डेबर्टला, वारस म्हणून दत्तक घेतलं. 587मध्ये आंदेलो इथे दोघांत लेखी तह झाला: एक निपुत्रिक गेला तर त्याचं राज्य दुसऱ्याचं. गुंट्राम 592मध्ये वारला, आणि या भाऊबंदकीच्या घराण्यात एका पुतण्याला काकाचं राज्य ठरल्याप्रमाणे मिळालं.