लँडिंग गिअरचे दर्शक दिवे (छोटी खासगी विमाने)

उड्डाणानंतर चाके (लँडिंग गिअर) पोटात घेणाऱ्या विमानात, ती पुन्हा खाली येऊन पक्की अडकली की नाही हे वैमानिकाला सांगणारे पॅनलवरचे छोटे दिवे. वैमानिकाला आपल्या जागेवरून चाके बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे उतरताना त्याची सगळी भिस्त या दिव्यांवर असते. सर्वसाधारण मांडणी अशी : प्रत्येक चाकासाठी एक असे तीन हिरवे दिवे, आणि चाके ना पूर्ण वर ना पूर्ण खाली अशी मधेच असतील तेव्हा लागणारा एक लाल किंवा पिवळा दिवा. तिन्ही हिरवे लागले म्हणजे चाके खाली आणि कुलूपबंद. सगळेच दिवे विझलेले असतील तर चाके वर.

सगळ्या विमानांत तीन दिवे नसतात. मूनी एम२० आणि सेसना २१० यांत तिन्ही चाकांसाठी मिळून एकच हिरवा दिवा असतो. मूनीत त्याच्या जोडीला केबिनच्या तळाशी एक छोटी खिडकी असते. तिच्यातल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की चाके खाली. सेसनाच्या उंच पंखांमुळे मागची चाके बाजूच्या खिडकीतून सरळ दिसतात. कायमची चाके असलेल्या सेसना १५२ किंवा साध्या १७२ वर शिकणाऱ्याला हे दिवे भेटतच नाहीत. भारतात बहुतेकांची त्यांच्याशी पहिली गाठ दोन इंजिनांच्या विमानावर पडते. गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये डायमंड डीए४२ वर बसणारा विद्यार्थी ‘तीन हिरवे’ म्हणायला तिथे शिकतो.

अमेरिकेच्या नियमांनुसार चाके आत घेणाऱ्या विमानात चाकांची स्थिती दाखवणारे साधन असलेच पाहिजे. दिवसा, स्वच्छ हवामानात उडायचे असले तरी ते चालू स्थितीत लागते. म्हणजे हे दिवे शोभेचे नव्हेत आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणण्याजोगेही नव्हेत.

दिवा कशाची साक्ष देतो

पुढचे विवेचन मुख्यतः पायपर ॲरो या चार आसनी, एक इंजिनाच्या विमानाला धरून आहे. १९६७ पासून बाजारात आलेले हे विमान खासगी मालकांकडे आणि प्रशिक्षण शाळांत भरपूर आढळते, आणि त्याची दिव्यांची मांडणी समजली की इतरांची समजायला वेळ लागत नाही.

हिरव्या दिव्याचा थेट संबंध चाकाशी नसतो. चाकाचा पाय खाली आला की एक हुक त्याला पकडतो, आणि त्या हुकापाशी बोटाच्या पेराएवढा एक खटका, म्हणजे मायक्रोस्विच, बसवलेला असतो. हुक जागेवर बसताना खटका दाबला जातो, वीज पुढे जाते आणि दिवा लागतो. दिवा लागण्यासाठी हुक, खटका, वायर, अर्थिंग, दिवा मंद करणारा डिमर, बल्बची बैठक आणि बल्ब ही सगळी साखळी धड असावी लागते. यातली एकही कडी तुटली तरी दिवा अंधारातच राहतो. रचना मुद्दामच तशी केलेली आहे : वायर तुटली तर खोटा हिरवा दिसण्यापेक्षा अंधार दिसलेला बरा. पण त्यामुळे अंधाराचे अर्थ अनेक होतात, आणि या दिव्यांची देखभाल म्हणजे बरीचशी हे अर्थ वेगळे करण्याची विद्या आहे.

ॲरोत त्यासाठी एक चांगली खूण आहे. तिन्ही खालचे खटके दाबले गेले की तेलाच्या दाबाने चाके हलवणारा हायड्रॉलिक पंप थांबतो आणि लाल दिवा विझतो. समजा डावा हिरवा लागला नाही, पण पंप थांबला आहे आणि लालही विझला आहे. तर खटक्याने आपले काम केलेले आहे आणि संशय बल्बवर किंवा त्याच्या बैठकीवर जातो. उलट पंपाची घरघर चालूच असेल आणि लाल पेटलेला असेल, तर खटका दाबला गेलेला नाही. मग एकतर खटका बिघडला आहे, नाहीतर चाकच अडकलेले नाही. मॉडेलप्रमाणे जोडणी थोडी बदलते, म्हणून त्या विमानाच्या पुस्तकातला वायरिंगचा नकाशा उघडल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आणि हवेत असताना ही फक्त खूण असते, चाक खाली असल्याची खात्री नव्हे.

बल्ब

यातले सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दगा देणारे अंग. जुन्या विमानांत हे तंतूचे बल्ब असतात, शेंगदाण्याहून लहान. इंजिनाच्या कंपनांनी तंतू थकतो आणि एके दिवशी तुटतो. या वर्गात नेहमी सापडणारे दोन क्रमांक म्हणजे ३३० आणि ३२७. पहिला १४ व्होल्टचा, दुसरा २८ व्होल्टचा. दोघे दिसायला जुळे, बैठक एकच, आणि घोटाळा इथेच होतो. २८ व्होल्टच्या विमानात ३३० बसवला तर तो लगेच उडतो. १४ व्होल्टच्या विमानात ३२७ बसवला तर तो मिणमिणतो आणि उन्हात दिसतच नाही. हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण हँगरच्या सावलीत सगळे ठीक वाटते. विमानाचे व्होल्टेज आणि सुट्या भागांच्या यादीतला क्रमांक बघूनच बल्ब घ्यावा, जुन्या बल्बाशी ताडून नव्हे. जुना चुकीचा असू शकतो.

बल्ब काढताना बोटे आत पोचत नाहीत आणि पक्कड लावली तर काच फुटते. रबरी नळीचा किंवा वायरवर चढवायच्या स्लीव्हचा इंचभर तुकडा बल्बाच्या डोक्यावर घट्ट बसवून ओढला की तो अलगद बाहेर येतो. हा तुकडा सुट्या बल्बांच्या डबीतच ठेवतात. बल्ब बाहेर आला की बैठकीत डोकवावे. तळाची स्प्रिंग दबून सैल झाली असेल किंवा पितळावर हिरवट काळे चढले असेल, तर नवा बल्बही महिनाभरात ‘जातो’. खरे तर तो गेलेला नसतो, त्याला वीज पोचत नसते. एक बल्ब उडाला तर तिन्ही बदलण्याची पद्धत चांगली आहे. त्यांचे वय सारखेच असते.

काही विमानांत दिवा दाबून बघण्याची सोय असते. दाबल्यावर दिव्याला थेट वीज मिळते आणि तो लागतो. एवढ्याने बल्ब चांगला आहे हे कळते. खटका, त्याची वायर आणि चाक यांबद्दल त्यातून काहीच कळत नाही, हे नव्या मालकाला वारंवार सांगावे लागते.

एलईडीचे दिवे टिकतात आणि थंड राहतात, पण बाजारातला कुठलाही एलईडी बसवता येत नाही. त्या विमानासाठी मंजूर झालेला भागच लागतो. शिवाय तंतूच्या बल्बासाठी बांधलेला डिमर एलईडीला नीट मंद करीलच असे नाही.

डिमर

रात्री हिरवे दिवे डोळ्यांत खुपतात, म्हणून पॅनलचे दिवे लावले की ते आपोआप मंद होतात. अनेक विमानांत ही जोडणी बाहेरच्या नेव्हिगेशन दिव्यांच्या बटणाशी असते. संध्याकाळी मावळत्या सूर्याकडे तोंड करून वैमानिक उतरायला येतो. दूरवरून दिसावे म्हणून त्याने बाहेरचे दिवे लावलेले असतात. चाके खाली करतो आणि पॅनलवर एकही हिरवा नाही. दिवे लागलेले असतात, फक्त समोरच्या उन्हात ते दिसत नाहीत. ॲरोच्या पुस्तकात यासाठी स्पष्ट सूचना आहे : हिरवे दिसले नाहीत तर सगळ्यांत आधी पॅनलच्या दिव्यांचे बटण पाहा आणि ते बंद करा. देखभालीच्या वेळी दिवे पूर्ण तेजात आणि मंद अशा दोन्ही स्थितींत, आणि निदान एकदा तरी विमान उन्हात ओढून, बघावेत.

खटका आणि वायर

खरी मेहनत इथे आहे. पॅनल कोरडे आणि स्वच्छ असते, पण खटका चाकाच्या खळग्यात, धावपट्टीवरचे पाणी, चिखल, ब्रेकची काळी भुकटी आणि गळणारे हायड्रॉलिक तेल झेलत असतो. गुडघे टेकून टॉर्चच्या उजेडात पाहिले की खटक्याच्या दांड्यावर ग्रीस आणि धूळ मिळून झालेला काळा थर दिसतो. दांडा बोटाने दाबला की बारीक पण स्वच्छ ‘टिक’ ऐकू यायला हवी. टिक दबकी आली किंवा सोडल्यावर दांडा आळसात परतला तर खटका बदलायचा. आत तेल सोडून त्याला जिवंत करू नये. आतल्या संपर्कांवर तेलाने कचरा धरतो आणि दोष कधी दिसेल, कधी दिसणार नाही असा होतो, जो शोधणे सर्वांत कठीण. विमान धुताना जोराचा फवारा चाकाच्या खळग्यात मारण्याची सवयही सोडावी. पाणी जिथे जाऊ नये तिथे जाते.

वायरचा दोष सहसा वळणाशी सापडतो. चाकाचा पाय प्रत्येक उड्डाणात दोनदा वळतो आणि त्याच्याबरोबर वायरही. बाहेरचे आवरण अखंड असते, आतले तांबे तुटलेले. म्हणून मल्टिमीटर लावून वायर नुसती मोजू नये, मोजता मोजता हळूच हलवावी. आकडा नाचला की जागा सापडली.

खटक्याची जागा मालकाने स्वतः बदलू नये. तो हुक पूर्ण बसल्यानंतर दाबला गेला पाहिजे. जरा आधी दाबला गेला तर हुक अर्धवट असतानाच हिरवा लागतो आणि पंपही थांबतो. वरच्या सगळ्या दोषांत दिवा विझतो, हा एकच दोष असा आहे की ज्यात दिवा खोटी ग्वाही देतो. अमेरिकेत खासगी विमानाच्या मालक-वैमानिकाला काही किरकोळ देखभाल स्वतः करून नोंदवहीत लिहिता येते, पण गिअरची जुळणी त्या यादीत येत नाही. भारतात अशा कामावर परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची सही लागते.

हवेत दिवा लागला नाही तर

ॲरोच्या पुस्तकाने न लागलेल्या दिव्यामागे तीन शक्यता दिल्या आहेत : चाक अडकलेले नाही, बल्ब गेला आहे, किंवा दर्शक यंत्रणेत बिघाड आहे. तिन्ही चौकोनी दिवे ओढून काढता येतात आणि एकमेकांच्या जागी बसवता येतात. उजवा लागला आहे, डावा नाही. मग उजव्यातला चांगला दिवा काढून डाव्या जागी लावायचा. लागला तर डावे चाक ठीक, बल्ब गेला होता. नाही लागला तर दोष पुढे आहे. एक लक्षात ठेवावे की आता गेलेला बल्ब उजव्या जागी बसला आहे आणि ती जागा काळी दिसणार. घाईत वैमानिक उजवे चाक बिघडले असे समजून बसतो. अदलाबदल तोंडाने बोलत करावी.

हे काम उंची राखून, विमान स्थिर करून, शक्य तर दुसऱ्याच्या हाती नियंत्रण देऊन करायचे. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचे न्यूयॉर्कहून आलेले उड्डाण ४०१, लॉकहीड ट्रायस्टार जातीचे मोठे विमान, मायामीला उतरत असताना नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. ऑटोपायलट लावून २,००० फुटांवर चालक दल त्या दिव्यामागे लागले. काढलेली दिव्याची जोडणी परत बसेना, ती अडकली. दरम्यान ऑटोपायलटची उंची राखण्याची कामगिरी सुटली आणि कुणाच्या लक्षात न येता विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत उतरत गेले. १७६ पैकी १०१ जण गेले. चाक खाली होते, बल्ब उडालेले होते. छोट्या विमानाच्या प्रशिक्षणात ही घटना अजून शिकवतात आणि ती शिकवलीच पाहिजे.

नियंत्रण मनोऱ्याजवळून कमी उंचीवर जाऊन नियंत्रकाला चाके बघायला सांगता येते. तो ‘खाली दिसतात’ एवढेच सांगू शकतो. हुक बसला का, हे दुर्बिणीतून दिसत नाही.

जॅकवरची चाचणी

वार्षिक तपासणीत विमान जॅकवर चढवून चाके अनेकदा आत-बाहेर केली जातात. त्या वेळी एक माणूस पॅनलपाशी आणि एक पंखाखाली, हात दूर ठेवून उभा असतो. हिरवा लागण्याचा क्षण आणि हुक बसण्याचा क्षण जुळतो का, हे खालच्याने ओरडून सांगायचे. तिन्ही लागल्यावर मास्टर (विजेचे मुख्य बटण) चालूच ठेवून पंपाची वीज तोडणारा ब्रेकर ओढतात, दाब उतरवतात, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एकेक हुक हाताने उचलतात. डाव्याचा हुक उचलला की फक्त डावा हिरवा विझला पाहिजे आणि लाल लागला पाहिजे. हुक सोडला की उलट. असे तिन्ही पायांवर झाले, चाके खाली नसल्याचा इशारा देणारा भोंगाही वाजला, की तारीख, केलेले काम, बदललेल्या बल्बाचा क्रमांक आणि सही नोंदवहीत चढते.