मल्टिपल स्क्लेरॉसिसमधील ओसीटी तपासणी

मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) यांच्या तंतूंवरील मायलिन आवरणावरच उलटते. यात दृष्टीची किती हानी झाली, हे दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या) थरांची जाडी मोजून पाहण्याची पद्धत म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, अर्थात ओसीटी. १९९१ साली अमेरिकेत तिचे पहिले वर्णन प्रसिद्ध झाले. पुण्यात हे नाव काचबिंदू किंवा मधुमेह असलेल्या घरांत जास्त ओळखीचे. यंत्र तेच असते. न्यूरोलॉजिस्टचा प्रश्न वेगळा असतो: दृष्टिचेतेचे तंतू किती झिजले?

हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे पाहायचे, काही सेकंदांत अवरक्त प्रकाशाने चित्र उमटते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत.

दृष्टिचेतेत दहा लाखांहून अधिक तंतू असतात आणि दृष्टिपटलावर असेपर्यंत त्यांच्यावर मायलिन नसते. म्हणून तिथला तंतूंचा थर (तंतुथर) पातळ झाला, तर आवरण नव्हे, खुद्द तंतूच गेले असे समजायचे. सुमारे पाचांतील एका रुग्णात आजाराची सुरुवातच दृष्टिचेतेच्या दाहाने होते: डोळा हलवताना दुखतो, लाल रंग विटका दिसतो. काही आठवड्यांत नजर बरीच सुधारते, तक्त्यावर ६/६ येते, आणि ‘बरे झाले’ म्हणून फाइल कपाटात जाते. फसगत होते ती इथेच. दाहाच्या काळात सुजेमुळे तंतुथर उलट जाडच दिसतो. त्याची झीज उघड व्हायला तीन ते सहा महिने लागतात. हे तंतू ज्यांच्यापासून निघतात, त्या गँग्लिऑन पेशींचा थर मात्र काही आठवड्यांतच पातळ होऊ लागतो. दोन डोळ्यांच्या तंतुथरांत पाच-सहा मायक्रोमीटरचा फरकही जुन्या दाहाची खूण ठरू शकतो. एमएसच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या मॅक्डोनल्ड निकषांच्या २०२४ च्या सुधारित आवृत्तीत, आजाराच्या खुणा शोधायच्या जागांमध्ये दृष्टिचेतेची पाचवी जागा म्हणून भर पडली, ते उशिराच म्हणावे लागेल.

भर एप्रिलमध्ये पर्वती चढल्यावर रुग्णाला धूसर दिसू लागते, ते निराळे. हा उटहॉफ परिणाम; अंग निवले की ओसरतो, थराची जाडी त्याने बदलत नाही.

थर का झिजला, हे ओसीटी सांगत नाही. काचबिंदू आणि मोठा मायनस नंबर यांतही तो पातळ दिसतो, त्यामुळे एमआरआय टळत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. कोथरूडचा दवाखाना सोडून हडपसरला जाणाऱ्याने जुने अहवाल सोबत न्यावेत आणि ते कोणत्या यंत्रावरचे आहेत, हेही सांगावे.