गोव्याच्या डोंगरपट्ट्यात बंगला किंवा फ्लॅट घेताना: पात्रता, कागद आणि अर्ज

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत डोंगरउतारावर फाटक, क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव असलेल्या वसाहतींच्या जाहिराती दिसतात. पुण्या-बेळगावकडच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आम्ही गोव्याचे नाही, आम्हाला घेता येईल का?

येईल. भारतीय नागरिकाला गोव्यात घर घ्यायला रहिवासी दाखला लागत नाही. संविधानाच्या ३७१-आय कलमाने बाहेरच्यांना बंदी आहे, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. त्या कलमात फक्त विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत एवढंच आहे. अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (भारतीय मूळ असलेले परदेशी नागरिक) राहण्याचं घर घेऊ शकतात, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. त्यामुळे दुबईतल्या भावाच्या नावावर काजूच्या बागेतला ‘फार्म प्लॉट’ घेण्याचा बेत तिथेच संपतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला घर विकत घेता येत नाही. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर २०२३ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

कागद बघायला सुरुवात मात्र टेकडीपासून करा, घराच्या नकाशाकडे नंतर वळा. सर्व्हे नंबर घेऊन नगर नियोजन खात्याकडे झोनिंगच्या दाखल्यासाठी अर्ज करायचा. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जमीन ‘सेटलमेंट’ (वस्तीसाठी ठेवलेली) आहे का, हे त्यात कळतं. २५ टक्क्यांहून जास्त चढ असलेला उतार या आराखड्यात बांधकामासाठी नाही. डोंगर कापायचा असेल तर नगर नियोजन कायद्याच्या १७-अ कलमाखाली वेगळी परवानगी लागते, आणि तीही विकसकाकडून मागून घ्या. झोन अलीकडे बदलून घेतला असेल तर आदेशाची प्रत हवीच. १७(२) आणि ३९-अ या कलमांखालचे झोनबदल कोर्टात गेले आहेत, तेव्हा बदल कुठल्या कलमाखाली झाला हे वकिलाला आधी दाखवा.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाली आणि या तालुक्यांतली बरीच गावं त्यात आहेत. मसुद्यात २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या बांधकाम प्रकल्पांना बंदी सुचवली आहे. ‘दुसरा टप्पा पुढच्या वर्षी’ म्हणून आज पैसे मागणाऱ्याला गावाचं नाव त्या यादीत आहे का, ते विचारा. वसाहतीचा रस्ता वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर त्याचीही मंजुरी बघा.

मालकीचा भाग सगळ्यात किचकट. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) आणि सर्व्हे प्लॅन ऑनलाइन मिळतो. त्यात कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचे रकाने आधी वाचा. कुळाची जमीन असेल तर १९९१ च्या भूवापर कायद्याने ती शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. रकाने रिकामे असले तरी नुसता उतारा म्हणजे मालकी नव्हे. पोर्तुगीज काळातली नोंदणी, म्हणजे डिस्क्रिप्शन (मिळकतीचं वर्णन) आणि इन्स्क्रिप्शनचे (मालकाच्या नावाची नोंद) दाखले, जुनी विक्रीखतं, वारसाहक्काचे दस्त किंवा इन्व्हेंटरीचा (वारसांतल्या वाटणीचा) कोर्टाचा निकाल, अशी साखळी जुळली पाहिजे. गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मिळकत सहसा समाईक असते. म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही नसलेलं खत पुढे त्रास देतं, आणि पाच भाऊ असतील तर पाच वहिन्याही आल्या. त्यातला एक लिस्बनला असेल तर वकिलातीतून साक्षांकित झालेलं मुखत्यारपत्र लागतं आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत स्टँप करून घ्यावं लागतं. विकणारा अनिवासी असल्यास टीडीएसचा, म्हणजे किमतीतून कापून भरायच्या कराचा, दरही वेगळा.

सत्तरीत आणखी एक गुंता आहे, मोकासो आणि आल्वारा, म्हणजे जुन्या राजवटींनी दिलेल्या जमिनींचा. पिढ्यानपिढ्या काजू लावून खाणाऱ्याच्या नावावर उतारा असेलच असं नाही. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेवरून झालेलं आंदोलन आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने घेतलेली माघार यामागे हाच जमिनीचा प्रश्न होता. अशा जागेचं ‘ताबा’ दाखवून होणारं विक्रीखत मी कुणाला सुचवणार नाही.

जमीन निभावली की प्रकल्पाची फाइल मागा: कलेक्टरची सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याची परवानगी (भू-महसूल संहिता, कलम ३२), नगर नियोजनची तांत्रिक मंजुरी, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि तयार घर असेल तर ऑक्युपन्सी (राहण्यायोग्य असल्याचा दाखला). जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त किंवा घरं आठाहून जास्त असतील तर रेराची (स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची) नोंदणी हवी. नंबर गोवा रेराच्या संकेतस्थळावर तपासता येतो. करार नोंदवल्याशिवाय विकसक किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. ‘आज टोकन द्या, उद्या दर वाढेल’ हे दलालाचं वाक्य तुमच्या कानावर येईलच. दहा टक्क्यांची ही मर्यादा तेव्हा आठवा. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी विकसकाचीच असते. पावसाळ्यात संरक्षक भिंत फुगली तर या तरतुदीचा उपयोग होतो.

नोंदणी त्या तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे होते. आधी ऑनलाइन माहिती भरून स्टँप ड्युटी आणि नोंदणी फी भरायची, वेळ घ्यायची. सोबत पॅन, आधार, फोटो आणि दोन साक्षीदार. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. बांधकाम चालू असलेल्या घरावर साधारण ५ टक्के जीएसटी लागतो. ऑक्युपन्सी मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर नाही.

‘गेटेड’ म्हणून जे विकतात, त्याचा कागद वेगळा. अंतर्गत रस्ते, मोकळी जागा, पाण्याची टाकी आणि बोअरवेल मंजूर आराखड्यात कुणाच्या नावे आहेत, देखभालीची सोसायटी कधी स्थापन होणार, तोवर शुल्क कोण वसूल करणार, हे सगळं करारात लिहून घ्या. क्लबहाऊस विकसकाच्याच मालकीचं राहणार असेल तर तेही लिहिलेलं असू द्या. खत झाल्यावर मामलेदाराकडे म्यूटेशन, म्हणजे फेरफार (जमिनीत हिस्सा मिळत असेल तर), पंचायतीत घरपट्टीवर नाव आणि वीज-पाण्याच्या जोडणीचं हस्तांतर, हे तीन अर्ज लगेच टाका.

आणि घर पर्यटकांना भाड्याने देण्याचा विचार असेल तर १९८२ च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. सोसायटीच्या नियमांत अशा भाड्याला मनाई आहे का, हे सही करण्याआधी वाचा.