रस्ता कडेने मरतो

इंदूरहून देपालपूर, सांवेर किंवा हातोदच्या बाजूला एखाद्या गावरस्त्याला वळा आणि पावसाळा सरल्यावर तो नीट पाहा. मधला पट्टा बहुधा ठीकठाक असतो. भेगा दिसतात त्या कडेपासून हातभर आत, रस्त्याला समांतर, लांबच लांब गेलेल्या. डांबराची कड तुकड्यातुकड्याने गळलेली आणि साइडपट्टी डांबरापेक्षा चांगली खाली बसलेली. समोरून सोयाबीनची ट्रॉली आली की स्कूटरवाल्याला खाली उतरायची धास्ती. तक्रारी मात्र खड्ड्यांच्या होतात आणि वर्तमानपत्रात फोटोही खड्ड्याचाच येतो.

भेग कडेलाच का पडते, याचं उत्तर मातीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याच्या उत्तरेकडच्या थरांवर माळवा वसलेला आहे. त्या लाव्ह्याचा बेसाल्ट म्हणजे रस्त्यासाठी अव्वल दगड: खडी कणखर आणि ग्रॅनाइटपेक्षा डांबर तिला जास्त चिकटून राहतं. पण हाच बेसाल्ट ऊन-पावसाने कुजत गेला की त्याची काळी माती होते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि चवड फुगते, पाणी गेलं की आक्रसते. वैशाखात माळव्यातल्या पडीक शेतात भेगांमध्ये हात कोपरापर्यंत जातो, तो यामुळेच.

माती किती फुगते हे मोजायची प्रयोगशाळेतली रीत इतकी साधी आहे की शाळेतसुद्धा करता यावी. वाळवून बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी ओतायचं, दुसऱ्यात रॉकेल, आणि २४ तास ठेवून द्यायचं. रॉकेल पापुद्र्यांमध्ये शिरून माती फुगवत नाही, त्यामुळे तिथली माती जेवढ्यास तेवढी बसते. पाण्यातली वर चढते. समजा रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरवर थांबली आणि पाण्यात १८ वर गेली, तर फुगवटा ८० टक्के. आपल्याकडच्या रस्तेबांधणीच्या नियमांत ५० टक्क्यांच्या वरची माती भरावाला चालत नाही. मग वरचा थर काढून मुरूम भरायचा किंवा मातीत चुना मिसळायचा. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांना जखडून ठेवतं आणि फुगणं कमी होतं.

आता रस्त्याखाली काय घडतं ते पाहू. डांबराच्या मध्यभागाखालची माती झाकलेली असते, तिथला ओलावा वर्षभर फारसा हलत नाही. कडेच्या साधारण मीटरभर पट्ट्यातली माती मात्र आषाढात फुगते आणि चैत्र-वैशाखात आक्रसते. मधला भाग जागच्या जागी आणि कड दरसाल वर-खाली, या ओढाताणीत डांबर फाटतं. भेगेतून पाणी आत जातं आणि खरी पडझड सुरू होते. मातीचा दम मोजणारा सीबीआर नावाचा आकडा असतो, त्यात उत्तम खडीला १०० धरतात. काळी माती ४ दिवस पाण्यात भिजवून मोजली की तो २ ते ३ वर येतो. अशा गाळावरून मुरमाचा भरलेला डंपर गेला तर काय होणार? अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले, त्यातून निघालेला नियम आजही वापरात आहे: नुकसान आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. वजन दुप्पट, तर नुकसान १६ पट. भारतात २०१८ साली चार चाकांच्या एका आसाला परवानगी १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. कागदावर वाढ पावणेतेरा टक्के, रस्त्याला मात्र ६० टक्क्यांहून जास्त मार.

म्हणजे लढाई पाण्याशी आहे आणि ती लढायची जागा आहे साइडपट्टी, तिच्या पलीकडची गटार आणि मोरी. देखभालीचं टेंडर मात्र वर्षानुवर्षं याच्या उलट चालायचं. बुजवलेल्या खड्ड्यांच्या चौरस मीटरवर बिल, त्यामुळे खड्डे जितके जास्त तितका धंदा जास्त. गटार उपसण्यात पैसा किरकोळ, ती कोण उपसणार!

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, तेव्हा ज्याने रस्ता बांधला त्याच्याच गळ्यात ५ वर्षांची देखभाल बांधली गेली. ही फार शहाणी अट होती. पुढे मध्य प्रदेशातच ई-मार्ग नावाची संगणकीय पद्धत उभी राहिली आणि नंतर ती देशभर गेली. तीत ठेकेदाराचं बिल कामाच्या मापावर न ठरता रस्त्याच्या अवस्थेवर ठरतं. इंजिनिअर जागेवर जाऊन फोटो काढतो आणि खड्ड्यांबरोबर साइडपट्टी, गटारी, मोऱ्या अशा सगळ्याचे गुण देतो. गटार तुंबलेली असेल तर त्याची झळ बिलाला बसते.

तरी एक खोच राहतेच. या योजनेत रस्त्याची प्रकृती ठरवायची एक सोपी पद्धत आहे, गाडी किती वेगाने आरामात जाते त्यावर. ताशी ४० किलोमीटरच्या वर गेली तर ५ पैकी ५, दहाच्या आत आली तर १. पण गावरस्ता ३.७५ मीटर रुंद. जीप मधोमधच धावणार आणि कडेला काय चाललंय ते तिच्या स्प्रिंगांना कळणारच नाही. मरणाऱ्या रस्त्यालाही बरीच वर्षं पाचपैकी चार मिळत राहतील.

दुसरी गोम टेंडरच्या भावात. सरकारी दरांपेक्षा वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ भरून काम घेतलं तर तो पैसा कुठून निघतो? सगळ्यात सोपी जागा पुन्हा साइडपट्टीच. लांबून मुरूम आणण्यापेक्षा शेजारच्या शेतातली काळी माती ओढून दाबली की दिसायला काम झालं. पहिल्या सरीत ती फुगते, कडेला बांध तयार होतो आणि डांबरावरचं पाणी बाहेर पडायचं ते तिथेच अडतं.

शिवाय शेतकरी दरवर्षी नांगराचं एक-एक तास वाढवत गटार शेतात घेतो. ठेकेदार त्याला अडवू शकत नाही. पंचायत अडवू शकते, घटनेच्या अकराव्या अनुसूचीत रस्ते आणि मोऱ्या पंचायतीच्या विषयांत १३ व्या क्रमांकावर आहेतच. पण सरपंचाला मतं त्याच शेतातून यायची असतात. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तुंबलेल्या गटारीचं कुणाला काही वाटत नाही, हे मला जरा गमतीचं वाटतं.

पाच वर्षं सरली की नव्याने देखभालीचा ठेका द्यावा लागतो आणि पैसा राज्याने काढायचा. इथे पंचांग आडवं येतं. बजेट एप्रिलमध्ये, मग एस्टिमेट, मंजुरी, टेंडर, वर्क ऑर्डर. तोवर मृग बरसून गेलेला असतो आणि ओल्या खडीला डांबर धरत नाही. गटार-मोरीचं काम मेअखेर संपायला हवं, तर फाइल आदल्या दिवाळीच्या आसपास हलायला हवी. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची वर्षं लिहिलेली असतात. पाचवं वर्ष कोणत्या महिन्यात संपतं ते तिथे वाचून, त्याच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय काढता येतो.